टगवाले तात्या

माझं सामान घेऊन टेम्पो कळंबच्या त्या बोळात शिरला तेव्हा घरमालक रस्त्याच्या मधोमध उभे होते. खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. हात वर करून त्यांनी एक लांब शिट्टी मारली, मग दोन आखूड, आणि म्हणाले, "आरशात नगं बघू. माझ्याकडं बघ. हळू ये." टेम्पो दारापाशी लागला तशी त्यांनी त्याच्या पत्र्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि मग माझ्याकडे वळले.

"तुमीच का शाळेवरल्या नव्या बाई? या. जिना वला हाय, जपून."

जिना ओला होता, कारण तो नुकताच धुतला होता. रोजच धुतला जाई. जिना, ओटा, अंगणातली फरशी, सगळं. उजाडलं की तात्या बादल्या ओतत आणि लांब दांड्याच्या खराट्याने घासत सुटत. नळाला पाणी दिवसाआड येई, तरी यात खंड नसे. त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणत असे, दारातून ओरडायची, "घर हाय का बोट? एक दिस वाहून जाईल समदं."

गाव त्यांना टगवाले म्हणायचं. टग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी सोलापूरकडची, भरपूर पाणी बघितलं ते टँकरचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं.

"मोठं जहाज दर्यात वाघ असतं, बाई. पन गोदीच्या दारात आलं की त्याला ना नीट वळता येत, ना थांबता येत. मग आमी जायाचं. आमची बोट केवढी? त्याच्या म्होरं उंदरावानी. पन त्याच्या अंगाला लागायचं, दोर घ्यायचा, नि कवा रेटत, कवा वढत धक्क्याला आणून लावायचं. हेच टग."

मुंबईच्या गोदीत त्यांनी सगळी नोकरी अशा बोटींवर काढली. मिसरूड फुटायच्या वयात खलाशी म्हणून चिकटले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन घरी आले. बोटीवरचे बाकी सगळे कोकणातले. ते ह्यांना घाटी म्हणत. गावी आल्यावर गावाने टगवाले करून टाकलं. "दोन्हीकडं मी दुसरीकडचाच," असं ते सांगायचे, आणि सांगताना हसायचे नाहीत.

लोक हमखास विचारत, तात्या, किती देश बघितले?

"एकबी न्हाई. दर्याबी न्हाई बघितला. मी बंदर बघितलं. पावणं यायचं, त्याला दारातनं घरात घ्यायचं. पावणं निघालं की वेशीपर्यंत घालवायचं नि माघारी यायचं. सारी दुनिया माझ्याम्होरनं गेली, मी कुटं गेलो न्हाई."

त्यांच्या बोटींची नावं मला पाठ झाली होती. पहिली केतकी. ती वाफेवरची, कोळसा खाणारी. "लई तापट. कवा चटका देईल नेम न्हाई," म्हणून ते कोपरापासून मनगटापर्यंतचा गुळगुळीत डाग दाखवत. मग शेवंती आली, डिझेलवरची. ती जरा डावीकडे कलून चाले आणि तिचा भोंगा पडसं झाल्यासारखा वाजे. नंतरची अबोली, दोन इंजिनांची, नावाप्रमाणे आवाज कमी. ती एका वादळात धक्क्याला घासून घासून बुडाली होती. तिला वर काढली, वाळवली आणि पुन्हा कामाला लावली. "बुडून आल्यावर तिचं मन लागलं न्हाई कामात," असं ते अगदी गंभीरपणे म्हणत. शेवटी शेवटी आलेल्या नव्या बोटींवर त्यांचा जीव बसला नाही. त्या तोंड न वळवता खेकड्यासारख्या आडव्या सरकायच्या आणि एका बारक्या दांडीवर चालायच्या. त्यांची नावं त्यांनी कधी सांगितली नाहीत.

जीव होता तो शेवंतीवर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिच्यावर काढली. गोदीतली वादळं, मोठ्या भरत्या, साथीदारांची लग्नं आणि मरणं, त्यांच्या बोलण्यात सगळं शेवंतीच्या आधी नाहीतर शेवंतीच्या नंतर घडलेलं असे.

सर्वपित्रीला घरात जो प्रकार चाले तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आई-वडिलांची पानं मांडून झाली की तात्या आणखी तीन पानं मांडायला लावत. केतकी, शेवंती, अबोली. भात, आमटी, वडा, खीर, सगळं. मावशी वाढायची, पण वाढताना बोलायची.

"लोखंडाला खीर. ऐका बाई. माझ्या हातची खीर लोखंडाला."

"त्यांनी मला पोसलं," तात्या म्हणत.

"नि मी?"

ते पानं घेऊन गच्चीवर जात आणि कावळा शिवेपर्यंत उन्हात उभे राहत.

उसाच्या हंगामात त्यांना स्फुरण चढे. आमच्या बोळाच्या तोंडाशी देवळाचं वळण होतं आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या तिथे अडकत. एकदा अशीच एक जोडट्रॉली अडकली. तात्या शिट्टी घेऊन धावले. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "तू वढू नगं. दुसरा ट्रॅक्टर आणा, मागली ट्रॉली बाजूनं रेटायची." कुणीतरी खरंच दुसरा ट्रॅक्टर आणला. एक लांब, दोन आखूड. ट्रॉली रेटली, कलली, आणि सगळा ऊस देवळाच्या पायऱ्यांवर झोपला. ट्रॅक्टरवाला तोंडाला येईल ते बोलला. आळीतल्या बायापोरांनी पुढे कितीतरी दिवस ऊस खाल्ला. तात्या मात्र ओट्यावर मान खाली घालून बसले होते. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "पानी चूक पोटात घेतं, बाई. जमीन न्हाई घेत."

गमतीचा माणूस, असं मीही वर्षभर समजत होते. मग मावशीकडून मला दुसरी बाजू कळली. तिने ती लपवली कधीच नव्हती. मीच तोवर नीट ऐकलं नव्हतं.

हे कुटुंब मूळचं कळंबचं नव्हे. घोडेगावच्या वर, सह्याद्रीच्या कुशीत त्यांचं गाव होतं. भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी, हिरड्याची झाडं. तात्या मुंबईला, मावशी तिकडे सासूजवळ. होळीला आणि गणपतीला काय तो नवऱ्याचा सहवास. मग धरण झालं. एका पावसाळ्यात पाणी गावात चढणार हे ठरलं, आणि लोक घरं उसवायला लागले. दारं, चौकटी, वासे, कौलं, जे निघेल ते काढून न्यायचं. मावशीने मुंबईला निरोप धाडला, या.

त्याच आठवड्यात शेवंती भंगारात निघाली होती.

तात्यांना रजा मिळाली होती. ती घेऊन ते गावी आले नाहीत. अमावास्येच्या मोठ्या भरतीला शेवंतीला, जुन्या बोटी मोडतात त्या दारूखान्याच्या किनाऱ्यावर न्यायचं होतं. तिचं इंजिन काढून घेतलेलं, पुढून अबोली ओढणार. रिकाम्या बोटीवर सुकाणू धरायला कुणीतरी लागतं म्हणून हे थांबले. बोट चिखलात रुतवली, आणि तसेच चिखलातून चालत बाहेर आले. गावी पोचले तेव्हा घर पाण्याखाली गेलं होतं. बायको, पोर आणि आई दुसऱ्यांच्या पडवीत, चौकटी-वाशांच्या ढिगाजवळ बसलेल्या होत्या.

"आमचं घर बुडत व्हतं तवा हे बोटीच्या मयताला गेलते," मावशी हे भाजी निवडताना, पाहुण्यांसमोर, तात्यांच्या समोर, कुठेही सांगायची. आवाज न चढवता, हवापाण्याच्या गप्पांसारखं. इतक्या वर्षांत त्यांनी त्यावर एकदाही उत्तर दिल्याचं मी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या गावांतली देवळं उघडी पडतात. त्या सुमाराला ठिकठिकाणी विखुरलेली माणसं जीपा करून तिथे जातात, देवाला नारळ फोडतात, भेगाळलेल्या गाळात आपल्या घराचा चौथरा शोधतात. मावशी दरवर्षी जायची. तात्या कधीच नाहीत. आयुष्य पाण्यावर काढलेला हा माणूस त्या पाण्याच्या काठालाही जात नसे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं माझं काय काम? मी नव्हतो."



मावशीच्या पोटात गाठ निघाली ती एका गणपतीत. पुण्याला नेऊन सगळं झालं. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. लेक नारायणगावला दिलेली होती; ती येऊन राहिली. दिवाळी संपली तशी मावशी अंथरुणाला खिळली, आणि एका सकाळी म्हणाली, "मला गावाला न्या."

लेक म्हणाली, "आई, आता पानी भरलेलं असतं. उन्हाळ्यात जाऊ."

"उन्हाळ्यापतुर मी थांबत न्हाई," मावशी म्हणाली. ती लेकीकडे नाही, दारात उभ्या असलेल्या तात्यांकडे बघत होती.

तात्या अंगणात गेले. खराटा घेतला, ठेवला. परत आत आले आणि म्हणाले, "नाव लागंल."

जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकून आम्ही तिला नेलं. लेक होती, मी होते, पुढे ड्रायव्हरशेजारी तात्या. घोडेगाव मागे पडलं आणि पाणी दिसू लागलं तसे ते खिडकीची काच वर करून बसले. काठावर मासेमारीची एक लहान नाव होती. नाववाला पन्नाशीचा, वरच्या वाडीतला. त्याचं घर पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेलं. त्याने आणि तात्यांनी मावशीला उचलून नावेत ठेवलं. लेकीला पाण्याची भीती वाटत होती, ती काठावर थांबली. मावशीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले.

मला वाटलं होतं तात्या वल्हं मागतील. त्यांनी मागितलं नाही. ते नावेच्या मध्यावर, दोन्ही हातांनी कडा धरून, पहिल्यांदाच नावेत बसलेल्या माणसासारखे बसले.

बरंच आत गेल्यावर नाववाल्याने विचारलं, "तात्या, कुटं घ्यायची?"

तात्यांनी मान वर करून चहूकडे बघितलं. डोंगर अर्धेच वर होते. ज्या पायवाटेने ते गावात येत ती खाली, ओढा खाली, आंब्याची झाडं खाली. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो हरवलेल्या माणसाचा होता.

"मला न्हाई वळखू येत," ते म्हणाले.

"मला जरा उठवा," मावशी म्हणाली. मी तिला आधार देऊन बसतं केलं. तिने कपाळावर हात धरला, एका खिंडीकडे बघितलं, मग मागे वळून एका सुळक्याकडे. "अजून म्होरं. अजून. जरा उजवीकडं. बास. हितं."

नाववाल्याने वल्हं उचललं. पाणी अगदी स्थिर होतं, काळपट.

"कशावरनं?" तात्यांनी विचारलं.

"मी बघत व्हते की पानी चढताना. पाक भिताडं जाईतवर त्या टेकाडावर बसून व्हते."

नेहमीचं पुढचं वाक्य मला अपेक्षित होतं, ते बोटीच्या मयताचं. ते तिने म्हटलं नाही. दम लागला होता म्हणून असेल. मग तात्या म्हणाले, "कसं आलं गं पानी?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"गपचिप आलं," ती म्हणाली. "आमाला वाटलं व्हतं लोंढा येईल, आवाज करंल. तसं काय न्हाई. सांजच्याला खालच्या खाचरात दिसलं, सकाळी गोठ्यात. भिताडावर मुंग्या चढाय लागल्या, तोंडात अंडी घेऊन. म्हातारी उंबऱ्यावर बसली ती उठंना. तिला दोघांनी उचलून न्यावं लागलं."

"कवाड कोनी काढलं?"

"मी नि शेजारनीनं."

"जड व्हतं."

"व्हतंच की. बिजागरी गंजलेली. पायावर पडलं माज्या." ती थोडी थांबली. "निघायच्या सकाळी मी चूल सारवली. म्हातारी म्हनली, आगं, बुडनाऱ्या घराची चूल कशाला सारवती? म्हनलं, पारोशी कशी ठिवू? तिच्यावर पानी येनार ते येऊ दे, पन मी तशी ठिवून जायाची न्हाई."

तात्यांनी हात पाण्यात घातला. मनगटापर्यंत, डाग भिजेपर्यंत, आणि तसाच ठेवला.

मावशीला पुन्हा आडवं केलं. डोळे मिटून ती म्हणाली, "आता तुमच्या त्या बोटीचं सांगा. ती कशी गेली?"

"ऱ्हाऊ दे."

"सांगा. मी कवा ऐकून घेतलं न्हाई."

तात्यांनी सांगितलं. थोडक्यात, खालच्या आवाजात. अबोलीने दोर घेतला. शेवंतीच्या अंगात इंजिन नव्हतं म्हणून ती हलकी लागत होती, सुकाणू हातात नुसतं फिरत होतं. गोदीतून जाताना बाकीच्या टगांनी भोंगे दिले. हिचा भोंगा आधीच काढून नेलेला, त्यामुळे हिला उत्तर देता आलं नाही. मग भरती, मग चिखल. बोट थांबली तरी ते सुकाणू धरून उभेच होते. खालून माणसं हाका मारत होती, उतरा आता.

"मंजी तिच्यासंगं कोनतरी व्हतं," मावशी म्हणाली.

तात्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी डोंगराकडे बघत राहिले. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. त्या बोटीसाठी तिला खरंच बरं वाटलं असावं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं. तिने हात पुढे केला. तात्यांनी पाण्यातला हात काढला, बंडीला पुसला आणि तिचा हात धरला. काठाला येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मावशी मार्गशीर्षात गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मला ओतूरला चांगली नोकरी लागली आणि मी कळंब सोडलं. निघताना तात्यांनी टेम्पो बोळातून बाहेर काढून दिला, पण शिट्टी मारली नाही. नुसते पुढे चालत राहिले. त्यानंतर जमेल तसं मी त्यांना भेटायला जात असे. ते लेकीकडे नारायणगावला राहायला गेले होते. पाय सुजलेले, ऐकू कमी येऊ लागलेलं. लेक म्हणाली, जेवतात, झोपतात, कुणाला त्रास नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा जावयांचे एक पाहुणे आले होते, मुंबईकडचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की आमचे तात्या गोदीत टगवर होते. पाहुण्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मग सांगा की तात्या, बोटींच्या गमती सांगा. वादळं वगैरे बघितली असतील."

"बोटी मोडल्या समद्या," तात्या म्हणाले. एवढंच. पाहुणे हिरमुसले. मला वाटलं, संपलं.

पण थोड्या वेळाने तात्या आपणहून बोलू लागले.

"आमचं गाव बुडालं ते ठाव हाय का तुमाला? पानी गपचिप आलं. आवाज न्हाई, काय न्हाई. सांजच्याला खाचरात व्हतं, सकाळी गोठ्यात. मुंग्या चढाय लागल्या भिताडावर. आई उंबऱ्यावरनं उठंना. मी नि एका गड्यानं तिला उचलून न्हेली."

लेक ताटात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या सकाळी ती त्या घरात होती, आईचा पदर धरून.

"कवाड काढाय लई तरास झाला," तात्या सांगत होते. "बिजागरी गंजलेली. एका अंगानं हिनं धरलं, एका अंगानं मी. हिच्या पायावर पडत व्हतं, मी आडवा हात घातला म्हनून वाचली."

पाहुणे म्हणाले, "अरेरे."

लेकीने मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

"निघायची येळ झाली नि ही चूल सारवत बसली," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाजात लाडिक तक्रार होती, नवऱ्याने बायकोची करावी तशी. "म्हनलं, आगं, पानी दारात आलंय, चल आता. मी हाकाच मारतोय. पन ही काय उठंना."

असं म्हणून ते दाराकडे बघत बसले.